वाचकांचे प्रश्न : सेल्फची कट-कट आणि मऊ पडलेला ब्रेक

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात एटीव्हीचीच गर्दी आहे. कारण उघड आहे. इंदूरजवळ सिमरोल, चोरल, महूच्या बाजूला फार्महाउसं आणि रिसॉर्टं वाढली, त्यांनी या चारचाकी फटफट्या आणल्या, दोन-तीन हंगाम पाहुण्यांनी त्या मनसोक्त पिदडल्या आणि आता त्या विकायला निघाल्या आहेत. घेणारे आपले शेतकरी, फार्महाउसवाले आणि हौशी पोरं. घेतल्यावर आठवड्याभरात दोन तक्रारी ठरलेल्या : ब्रेक लागत नाही आणि सेल्फ लागत नाही. म्हणून स्कूटर आणि ट्रॅक्टरची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर येईल.

नमस्कार काका. सिमरोलच्या पुढे आमची सोयाबीन आणि लसणाची शेती आहे. बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून जुनी एटीव्ही घेतली. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकतो. चार-पाच वेळा दाबला की जरा कडक होतो. सेल्फचं बटण दाबलं तर कधी नुसतं ‘कट्’ वाजतं, कधी तेवढंही नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो, ‘बैटरी भी गई, सेल्फ भी गई, दोनों डलवा लो.’ त्याचं ऐकू का? आणि आधी काय करू?
— एक वाचक, सिमरोल

आधी ब्रेक. सेल्फ लागला नाही तर गाडी गोठ्याशेजारी उभी राहील, कुणाचं काही बिघडत नाही. ब्रेक नसताना सेल्फ लागला, तर घरातलं कुणीतरी पोरगं ‘एकच फेरी’ म्हणून काढणार आणि विहिरीच्या कठड्याला नेऊन भिडवणार. तेव्हा ब्रेक पुरा होईपर्यंत बॅटरीच्या वायरी काढूनच ठेवा. काढताना ऋण टोक आधी, जोडताना ते शेवटी. मग पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी उडत नाही.

निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. दाबून दाबून लिव्हर कडक होतो, म्हणजे लाइनमध्ये हवा तरी आहे, किंवा पॅड डिस्कपासून लांब ढकलले जाताहेत. हे दुसरं कारण लोक बघतच नाहीत. पुढचं टोक जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड हललं तर बेअरिंग सैल आहे. सैल चाकाबरोबर डिस्क डुलते आणि दर वेळी पॅडना मागे लोटते, म्हणून पहिला दाब फुकट जातो. उड्या मारलेल्या रिसॉर्टच्या गाडीत हे सर्रास सापडतं. तिथं कितीही हवा काढा, लिव्हर सुधारत नाही.

चाक घट्ट असेल तर पुढची परीक्षा. लिव्हर पंप करून कडक करा, तसाच दाबून धरा आणि मनात तीसपर्यंत मोजा. तो हळूहळू मुठीकडे सरकत गेला, तर दाब कुठून तरी सुटतोय. कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागापाशी, किंवा पाइपाच्या जोडावर ओल दिसली, तर गळती बाहेर आहे. सगळं कोरडं ठणठणीत असून लिव्हर बसत गेला, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरपाशी तेलाला दाब देणाऱ्या भागाच्या, आतलं रबर गेलं. मास्टरचा किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, घाला, किंवा छोट्या चिनी गाडीत अख्खा मास्टरच बदला. लिव्हर जागचा हलला नाही, तर गुन्हेगार हवा.

आता मुठीवरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण उघडा. त्याआधी वरची माती ओल्या फडक्यानं नीट पुसा, नाहीतर तीच आत पडते. जुन्या गाडीत तेल कोऱ्या चहासारखं काळपट दिसेल. नवं तेल पिवळसर आणि पारदर्शक असतं. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेलं हवेतलं पाणी शोषून घेतात, आणि खरी गोची तिथंच आहे. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलेल्या तेलाचा तो १५५ अंशांपर्यंत उतरतो. चोरलच्या उतारावर ब्रेक धरून खाली आलात की कॅलिपर तापतो, तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि सकाळी ठीक असलेला लिव्हर ऐन वळणावर मुठीला टेकतो. म्हणून नुसती वरून भर घालू नका, सगळं जुनं तेल काढून टाका. कोणतं तेल ते झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं तेल वेगळ्या जातीचं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ३ आणि ४ च्याच कुळातलं आहे, चालतं. लहान, सीलबंद बाटली घ्या. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली फडताळात दिसली तर तिचा मोह नको.

हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक ऐकणारं असावं. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक बारीक नळी आणा. कॅलिपरच्या निपलवर, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर, ती घट्ट बसवा, दुसरं टोक थोडं नवं तेल घातलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवा. निपल बहुतेक ८ नंबरच्या पान्याचा असतो. रिंग पाना वापरा. उघड्या तोंडाच्या पान्यानं गंजलेल्या निपलचे कोपरे गोल होतात, आणि मग ड्रिल मशीन आणि शिव्या दोन्ही काढाव्या लागतात. वरच्यानं लिव्हर दाबून धरायचा आणि ‘धरला’ म्हणायचं. खालच्यानं निपल पाव आटा सैल करायचा. तेल आणि बुडबुडे नळीत येतील, लिव्हर मुठीला टेकेल. निपल बंद. मग ‘सोड’. हा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडा असताना लिव्हर सोडला, की हवा परत आत. टाकीतलं तेल तळाशी जाऊ द्यायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. दोन्ही पुढच्या कॅलिपरांना एकच लाइन असेल तर मास्टरपासून लांबचा आधी घ्या. सांडलेलं तेल रंग खातं, पाण्याचं मग आणि फडकं हाताशी असू द्या.

एवढं करूनही लिव्हर थोडा मऊ राहिला, तर बुडबुडा बहुतेक मास्टरच्या तोंडाशी, सर्वांत उंच जागी अडकलेला असतो. हँडल असं वळवा की मास्टर सपाट आणि वर राहील. लिव्हर बोटाच्या पेराएवढाच, अलगद हलवत राहा आणि टाकीत बघा. तळाच्या बारीक भोकातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. ते यायचे थांबले की जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवा. सकाळी बरेचदा लिव्हर आपसूक कडक झालेला असतो. तरीही मऊच असेल तर रबरी पाइप हातात धरून लिव्हर दाबायला सांगा. पाइप फुगताना जाणवला तर तो गेला.

पॅडचा मसाला १ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदला. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरनं ताडून बघा. पॅडवर तेल मुरलेलं असेल तर ते घासत बसू नका, फेका. नवे घेताना जुना पॅड पिशवीत घालून दुकानात न्या, कारण या गाड्यांत मॉडेलच्या नावाला फारसा अर्थ नसतो. आकार जुळला तो आपला. काम झाल्यावर गाडी आधी हातानं ढकलून ब्रेक लावून बघा, मग चालण्याच्या वेगानं सपाट जमिनीवर. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे, पण तो काही तुम्हा-आम्हाला मिळायचा नाही. कापणी झालेलं रिकामं वावर त्याहून बरं.

आता सेल्फ. तुमचा मेकॅनिक लबाड आहे असं मी म्हणत नाही, पण त्यानं मीटर लावला नाही एवढं नक्की. ‘कधी कट्, कधी काहीच नाही’ ही एक तक्रार नाही, दोन आहेत. एका नव्या बॅटरीत दोन्ही जिरतील असं समजू नका.

काहीच वाजत नाही तेव्हा बटणापासून रिलेपर्यंतची, म्हणजे मोटरला जाड वायरीतून वीज सोडणाऱ्या स्विचपर्यंतची, बारीक वायरिंग अडलेली असते. आणि इथं ब्रेक आणि सेल्फ एकमेकांच्या पायात पाय घालतात. बऱ्याच एटीव्हींत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागूच नये अशी सोय केलेली असते. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. रिसॉर्टमध्ये गाडी उलटून लिव्हर वाकला, तो स्विचला नीट टेकेना, की बटण मुकं. काही गाड्यांत तर हा स्विच तेलाच्या दाबावर चालतो. लिव्हर मऊ म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे स्विच जुळत नाही. तुमच्या गाडीत तसं असेल, तर ब्रेकची हवा काढताच सेल्फची अर्धी तक्रार आपोआप जाईल. ओळखायची खूण सोपी : किल्ली चालू करा, लिव्हर दाबा, मागचा ब्रेकचा दिवा बघा. दिवा लागत नसेल तर पहिला संशय त्या स्विचवर. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, इंजिन बंद करायचा लाल किल-स्विच सरळ आहे का, मनगटाला अडकवायची दोरी जागेवर आहे का, मुख्य फ्यूज शाबूत आहे का. यातल्या एखाद्या फुटकळ गोष्टीपायी लोकांनी सेल्फ मोटर बदललेली मी पाहिली आहे.

‘कट्’ वाजतं तेव्हा रिलेपर्यंतचा कारभार चोख आहे. पुढचा हिशेब जाड वायरींचा. साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. काही तास शांत उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवायला हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर. आता मीटर बॅटरीवरच ठेवून बटण दाबा. आकडा १० च्या आसपास टिकून इंजिन फिरलं तर उत्तम. धाडकन ६-७ वर कोसळला, तर बॅटरीत दम नाही, किंवा मोटर अथवा इंजिन जाम आहे. आणि ‘कट्’ वाजूनही आकडा १२.५ वर तसाच राहिला, तर वीज मोटरपर्यंत जातच नाही. या तिसऱ्या प्रकारात नवी बॅटरी घालणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं.

वीज कुठं अडते तेही मीटर सांगतो. त्याची दोन टोकं रिलेच्या दोन जाड बोल्टांवर ठेवा आणि बटण दाबा. जवळजवळ शून्य यायला हवं. १२ आलं तर ‘कट्’ हा नुसता आवाज आहे, आतले संपर्क जळालेत, रिले बदला. ते ठीक असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. चेसिसवरचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून धातू चमकवा, परत घट्ट करा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही.

हे सगळं बरोबर असेल तरच मोटर उतरवा. रिसॉर्टवाल्यांनी गाडी नाल्यातून घातलेली असणार, आत पाणी आणि कार्बनची काळी भुकटी सापडेल. ब्रश होल्डरमध्ये मोकळे सरकतात का बघा. आखूड झाले असतील तर बदला. आर्मेचरवरची तांब्याची पट्टी बारीक सँड पेपरनं साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करतात. मोटर अडली म्हणून तिच्या कवचावर हातोडी मारू नका. आतले चुंबक ठिसूळ असतात, तडकतात, आणि दुरुस्त होणारी मोटर भंगारात जाते.

तेव्हा मेकॅनिकचं ऐकू का, तर ऐका. मीटर दाखवून आकडे विचारल्यावर ऐका.

ब्रेकची टाकी रिकामी दिसली म्हणून घरात होतं ते इंजिन ऑईल भरलं. दोन दिवस ब्रेक छान लागला, आता लिव्हर परतच येत नाही. रॉकेलनं धुऊन काढलं तर चालेल का?
— राऊ

नाही चालणार, रॉकेल म्हणजे आगीत तेल. ब्रेकमधली रबरं खनिज तेलात फुगतात. इंजिन ऑईल, ग्रीस, पेट्रोल, रॉकेल, सगळी त्यांना सारखीच वैरी. तुमच्या मास्टरमधलं रबर फुगून भिंतीला चिकटलंय. आता मास्टरचा किट, कॅलिपरची सीलं आणि रबरी पाइप हे सगळं नवं घालावं लागेल. धातूचे भाग ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन कोरडे करा, नव्या ब्रेक ऑईलचा हात फिरवून जोडा. थोडं तेल थोड्या जागीच गेलं असेल, असा विचार करून निम्मंच काम करू नका. ते तेल लाइनभर फिरलेलं असतं.

लष्करातून निवृत्त झालो, महूजवळ छोटी बाग आहे. एटीव्हीचं पुढचं उजवं चाक एका चकरीत इतकं तापतं की डिस्कला हात लावता येत नाही. ब्रेक आपोआप धरलेला राहतो, तासाभरानं सुटतो. पॅड नवे घातले, फरक नाही. पूर्ण कॅलिपर बदलावा का?
— एक वाचक, महू

तासाभरानं सुटतो ही फार उपयोगी बातमी तुम्ही दिलीत. तुमची शिस्त पत्रात दिसते. पण कॅलिपरची खरेदी जरा थांबवा.

ब्रेक धरलेला असतानाच, गाडी जॅकवर आणि चाक जाम असताना, कॅलिपरचा निपल पाव आटा सैल करा. डिस्क थोडी निवू द्या आणि नळी लावूनच करा, उकळतं तेल अंगावर येऊ शकतं. चुळकाभर तेल उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे, दाब आत कोंडला गेला होता. चाक तरीही जाम असेल तरच कॅलिपर दोषी : गंजलेला पिस्टन, किंवा ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या सुकलेल्या.

दाब कोंडतो असं ठरलं तर निपल बंद करा, ब्रेक परत धरू द्या आणि या वेळी मास्टरपाशी पाइपाचा बोल्ट सैल करा. इथं चाक सुटलं तर दोष मास्टरचा. सुटलं नाही, पण कॅलिपरच्या निपलनं सुटत होतं, तर दोष मधल्या पाइपाचा : आतून त्याचं अस्तर सुटून झडपेसारखं काम करतं. तुमचं एकच चाक धरतं, दोन्ही नाही. तेव्हा माझा कौल त्या चाकाच्या पाइपाला, किंवा त्याच कॅलिपरच्या पिनांना. मास्टर बिघडला असता तर डावं चाकही तापलं असतं.

मास्टरचं निघालंच तर टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर तापलेलं, फुगलेलं तेल तिथूनच टाकीत परततं. जुन्या तेलाचा गाळ त्यात बसला की परतीची वाट बंद. क्लचच्या वायरमधला एक बारीक तंतू घालून ते मोकळं करता येतं. लिव्हरला किंचित ढिलाई आहे का तेही बघा. कुणी लिव्हरचा स्क्रू आवळून ‘ब्रेक टाइट’ केला असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक झाकलेलंच राहतं.

कॅलिपर उघडायची वेळ आली तर पाइप काढण्याआधी लिव्हर दाबूनच पिस्टन बराचसा बाहेर आणा. कॉम्प्रेसरच्या हवेनं काढणार असाल तर समोर बोट नको, लाकडाची फळी ठेवा. तो गोळीसारखा सुटतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं चाकाचं ग्रीस नाही.

आमच्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात मागचा ड्रम ब्रेक लागत नाही आणि लागला तर सुटत नाही. काय करावं?
— देपालपूर

माळव्याच्या काळ्या मातीपुढे जपानी-चिनी कोणताच इंजिनिअर टिकलेला नाही. छोट्या एटीव्हींत मागे अखंड अ‍ॅक्सल असतो आणि एकाच ब्रेकवर दोन्ही चाकं थांबतात. म्हणून हा एकच ड्रम बिघडला की मागचं सगळंच गेलं. झाकणाचं रबरी सील फाटलं की चिखल आत जातो, सुकतो आणि ड्रमला आतून घासणाऱ्या शूला धरून ठेवतो.

ड्रम उघडा, पण आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरनं उडवूही नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या मसाल्यात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. शू पसरवणारा कॅम हातानं फिरत नसेल तर बाहेर काढून गंज घासा, चिमूटभर ग्रीस लावा, लायनरला लागू देऊ नका. पण खरा चोर बहुतेक वेळा केबल असते. तिचं एक टोक सोडून हातानं ओढून बघा. करकरली तर तेल सोडत बसू नका, नवी घाला. नवं सील घातल्याशिवाय झाकण लावू नका. आणि धुताना प्रेशरचा पाइप थेट सीलवर धरायची हौस सोडा. पाणी ओलांडून आलात की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून हळू चालवा, लायनर कोरडे होतात.

सेल्फ घर्रर्र करून जोरात फिरतो, पण इंजिन फिरत नाही. बॅटरी नवी आहे. मोटर बदलू?
— इंदूर, लोकमान्यनगर

मोटर फिरतेय, मग ती कशाला बदलता? मोटर आणि इंजिन यांच्यामध्ये वन-वे क्लच असतो. बऱ्याच छोट्या इंजिनांत तो मॅग्नेटच्या मागे असतो, तीन रोलर आणि त्यांना ढकलणाऱ्या बारीक स्प्रिंगांचा. रोलरना खाचा पडल्या किंवा स्प्रिंगा मेल्या की पकड सुटते. सुरुवातीला फक्त थंडीत घसरतो, मग कायमचा. थंडीतच होत असेल तर आधी जुनं, दाट झालेलं ऑईल बदलून बघा. नाही जमलं तर मॅग्नेट पुलरनं काढून रोलर-स्प्रिंगांचा सेट घाला. पुलरशिवाय, छिन्नी-हातोडीनं मॅग्नेट काढणारा मेकॅनिक दिसला तर गाडी घेऊन तिथून निघा.

याच्या उलटं, सेल्फ ‘धप्’ करून अडकला आणि इंजिन जराही हललं नाही, तर ऑईलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळून सिलिंडर पेट्रोलनं भरलेला असू शकतो. बटण दाबत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, इंजिन हातानं फिरवून पेट्रोल बाहेर येऊ द्या, प्लगच्या वायरीला ठिणगीची संधी देऊ नका. मग सुई बदला आणि ऑईलही.

नातू अकरा वर्षांचा आहे. मोठी एटीव्ही चालवायचा हट्ट धरतो. वेगाचा स्क्रू आवळून दिला तर चालेल ना? आणि कॉलनीत चालवली तर?
— एक आजोबा, सुदामानगर

आजोबा, स्क्रू वेग कमी करतो, वजन नाही. अखंड अ‍ॅक्सलची गाडी वळवताना अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं, आणि मोठी गाडी अंगावर उलटली तर ते पोर तिच्याखालून निघू शकत नाही. अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही इतक्या उलटल्या की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. चारचाकीही मोठ्या मापाची असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं तिथली ग्राहक सुरक्षा यंत्रणा सांगते. कॉलनीत तर नकोच : या बहुतेक गाड्यांची आरटीओत नोंदणीच होत नाही, त्या खासगी जागेपुरत्या असतात. नातवाला छोट्या मापाची घ्या, हेल्मेट आधी घ्या, आणि मनगटाची दोरी त्याला लावा. दोरी ओढली की इंजिन खरंच बंद होतं का, ते दर वेळी स्वतः तपासा.

बॅटरी उतरली की कारवरून वायर लावून सेल्फ मारतो. एक-दोनदा काम झालं, आता रोजच लावावी लागते.
— सांवेर

कारचं इंजिन बंद ठेवून लावत असाल तर ठीक. चालू कारवरून देणं या छोट्या बॅटरीला आणि वायरिंगला झेपेल याचा भरवसा नाही. धन आधी जोडा. काळी वायर शेवटी, तीही बॅटरीवर नाही, एटीव्हीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण पाच सेकंदांच्या वर दाबायचं नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं.

पण रोज लावावी लागते म्हणजे गाडी बॅटरी भरतच नाही. इंजिन चालू करून थोडा रेस द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. १२ च्या आसपासच रेंगाळला तर मॅग्नेटची कॉइल, रेग्युलेटर किंवा मधला जळालेला कप्लर. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, आणि तो नवी बॅटरीही शिजवेल. आकडा बरोबर असेल आणि तरी सकाळी बॅटरी मेलेली असेल, तर रात्री ऋण टोक सोडून ठेवा. सकाळी बॅटरी जिवंत निघाली, तर काहीतरी रात्रभर वीज पितंय : फ्यूज एकेक काढून शोधा, आधी रिसॉर्टवाल्यांनी लावलेली एलइडीची माळ.